यंत्र निवडताना हात पाहा

वडिलांच्या पंच्याहत्तरीनिमित्त एस्प्रेसो यंत्र घ्यावे म्हणून आम्ही डोंबिवलीहून ठाण्यास गेलो. विक्रेता ९ बार दाबाची थोरवी सांगत होता. वडील दांड्याची गाळणी यंत्रात फिरवून घट्ट बसवू पाहत होते. अर्धांगवायूतून सावरलेला त्यांचा उजवा हात अर्ध्यावरच थांबला. ते ओशाळून हसले.

मग आम्ही एक कळ दाबताच कॉफी देणारे यंत्र निवडले. आपणही खरेदीपूर्वी ज्येष्ठांना पाण्याची टाकी स्वतः काढून, भरून, परत बसवू द्या. वाफेची नळी हाताला लागत नाही ना, तेही पाहा. झोपेसाठी दुपारनंतर कॉफी टाळलेली बरी.

आजारपणानंतर चार वर्षे सकाळचा चहा मी त्यांच्या हाती दिला. आता माझा कप तेच भरतात.