सांगायचं कधी?

घरचेही इथं वाचतात. त्यांना सगळं माहीत आहे, म्हणून आज मोकळेपणानं लिहितो.

एखादा मुलगा आवडला की माझ्या पोटात गोळा येतो. एचआयव्हीचं कधी सांगायचं? पहिल्याच भेटीत सांगितलं तर समोरचा चहा अर्धा टाकून उठतो (अनुभव आहे!). उशिरा सांगितलं तर "आधी का नाही बोललास?"

एकाला मी सांगितलंच नाही. गोळ्या नियमित चालू होत्या, व्हायरल लोड कितीतरी दिवस तपासणीत सापडत नव्हता. म्हणजे त्याला माझ्यापासून धोका नव्हता. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या 'पार्टनर-२' अभ्यासात अशी सुमारे आठशे पुरुष जोडपी होती. कंडोमशिवाय संबंध ठेवूनही एकालाही आपल्या जोडीदाराकडून लागण झाली नाही. विज्ञान माझ्या बाजूनं होतं की!

दोन महिन्यांनी त्याला कपाटात गोळ्यांची बाटली दिसली. मी हा अभ्यास घडाघडा सांगितला. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "आजाराचं काही नाही रे. मी पळून जाईन असं तूच ठरवून टाकलंस." आणि खरंच गेला.

ते अजून लागतं. धोका गोळीनं संपवला, पण भीती माझी होती आणि निर्णय मी त्याच्या वतीनं घेतला होता.

आता जवळ येण्याआधीच सांगतो. परवा एकाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "गोळी रात्री घेतोस की सकाळी?"

पुढे काय होईल माहीत नाही. चहा मात्र त्यानं पूर्ण प्यायला.