कडेवरचं पोर

शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळचा रुपया गरिबाला जडच होता. असं असूनही त्यानंतर नव्वद वर्षांनी, याच जिल्ह्यात, माझी थोरली बहीण तिसरीतून घरी बसली. तिला कोणी शाळेतून काढलं नव्हतं. फी मागितली नव्हती. पाटी-पुस्तकाचीही अडचण नव्हती. अडचण माझी होती. मी तेव्हा वर्षाची होते.

आमची वाडी शाहूवाडी तालुक्यातल्या डोंगरात, वीस-बावीस घरांची. वडील मुंबईला हमाली करत. रोपलावण, भांगलण, सुगी अशा कामांना आई रोजगारानं जाई. मग पोर कुणाकडं ठेवायचं? आक्का आठ वर्षांची होती, म्हणजे आईच्या हिशेबानं मोठीच. "एक साल ऱ्हा घरात. बारकी जरा कळती झाली की जा शाळंला," असं आईनं तिला सांगितलं. मी कळती होईपर्यंत माझ्या पाठीवर भाऊ आला. आक्काचं ते एक साल कधी संपलंच नाही.

यात मी आईला बोल लावत नाही. ती घरी थांबली असती तर संध्याकाळी चुलीवर काय ठेवलं असतं? लहान मूल सांभाळणं हे कुणाचं तरी पूर्ण दिवसाचं काम असतं. घरात ज्याच्या दिवसाची किंमत सगळ्यांत कमी, त्याच्या गळ्यात ते पडतं, आणि ती बहुधा थोरली मुलगी असते. शाळेची फी माफ होते, कडेवरचं पोर माफ होत नाही.

आमच्या वाडीत अंगणवाडी नव्हती. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. महाराष्ट्रात तिचा आरंभ मेळघाटातल्या धारणीला झाला. आज राज्यात लाखाच्या आसपास अंगणवाड्या आहेत. पण अंगणवाडी लोकसंख्येच्या मापानं मिळते. सर्वसाधारण मोजणी चारशे ते आठशे वस्तीमागे एक अशी, आणि दीडशे ते चारशेच्या वस्तीला मिनी अंगणवाडी. आमची वाडी त्याहूनही लहान. डोंगरातल्या माणसांनी एकमेकांपासून लांब घरं बांधली, हा काही त्यांच्या लेकरांचा गुन्हा नव्हे.

मी पाच वर्षांची असताना आम्ही मलकापूरला खोली घेऊन राहायला आलो. पुढच्या वर्षी मी पहिलीत गेले आणि भाऊ तीन वर्षांचा झाला. शाळेच्या आवारातच अंगणवाडी होती. मी त्याला बोटाला धरून नेई, अंगणवाडीत सोडी आणि माझ्या वर्गात जाऊन बसे. अंगणवाडी दुपारी सुटायची, शाळा संध्याकाळी. मधले तास तो आमच्या वर्गात सतरंजीच्या टोकाला बसायचा. आमच्या बाई त्याला पाटी देत आणि कधी कधी तो तिथेच झोपून जाई. बाईंनी 'याला घरी पोचव' म्हटलं असतं, तर मीही त्याच्याबरोबर घरीच राहिले असते. आज मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, याचं एक कारण ते सतरंजीचं टोक आहे.

आमच्या शाळेत जे बाईंच्या चांगुलपणानं झालं, ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी फार पूर्वी विचारपूर्वक उभं केलं होतं. १९४५ साली बोर्डीला त्यांचं काम सुरू झालं. गरिबांची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. पुढे सरकारनं तो घेतला आणि देशभर नेला. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या वारली मुलांच्या कडेवर भावंडं असायची. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात मांडली. थोरलीनं धाकट्याला आणावं, त्याला पाळणाघरात ठेवावं आणि आपण शिकावं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलाला शाळेत का येता येत नाही, हे आधी पाहायचं आणि मग शाळा कशी असावी ते ठरवायचं, अशी ही रीत होती. सरकारनं शब्द उचलला. ही रीत मात्र अर्धीच उचलली.

'अंगणवाडीत काय शिकवतात? खिचडी खाऊन येतात पोरं,' असं लोक म्हणतात. मी अंगणवाडी न पाहता पहिलीत गेले. पेन्सिल कशी धरायची ते ठाऊक नव्हतं, आणि बाईंनी नाव विचारलं की रडू यायचं. भाऊ तीन वर्षांत चिंचोके मोजायला, रंग ओळखायला, गोष्ट सांगायला, हात धुऊन रांगेत बसायला शिकला होता. पहिल्या दिवशी तो स्वतःहून वर्गात जाऊन बसला. पैसेवाल्यांच्या घरी हे सगळं पैसे भरून होतं. गरिबाच्या लेकराला ते अंगणवाडीतच मिळू शकतं.

पण कायदा काय म्हणतो? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला. सहाच्या आतल्यांसाठी राज्यघटनेत आहे ते एवढंच की शासनानं प्रयत्न करावा. सहाव्या वर्षी हक्क आणि पाचव्या वर्षी प्रयत्न! जी बाई या मुलांना शिकवते तिला आपण शिक्षिका न म्हणता सेविका म्हणतो, आणि पगार न देता मानधन देतो. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, हे सांगायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालय लागलं. त्याच वर्षी केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची तरतूद झाली. कोसबाडनंतर इतक्या वर्षांनी का होईना, पाळणा पुन्हा आठवला. तो प्रत्येक वाडीत हलला पाहिजे, आणि आईच्या रोजगाराची वेळ संपेपर्यंत हलला पाहिजे.

आक्काचं लग्न होऊन सहा वर्षं झाली. तिची मुलगी चार वर्षांची आहे आणि रोज अंगणवाडीत जाते. धाकटा दहा महिन्यांचा आहे. दोन वर्षांनी मुलगी पहिलीत जाईल, तेव्हा तो तीनच्या आतच असेल आणि आक्का रोजगाराला जात असेल. "मग त्याला कोण बघायचं गं?" मी दिवाळीत तिला विचारलं. "कोण बी बघंल. ती नाही बघायची," आक्का म्हणाली. ती ते करून दाखवील, याबद्दल मला शंका नाही. पण एका मुलीचं शिक्षण केवळ तिच्या आईच्या हट्टावर उभं राहावं, ही काही आपल्या जिल्ह्याला शोभणारी गोष्ट नव्हे.