आभारप्रदर्शन

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातील शेवटचा कार्यक्रम आभारप्रदर्शनाचा असतो, आणि तो गेली बावीस वर्षे आमच्याकडे आहे. हे काम आम्ही मागून घेतलेले नाही. ते कोणालाच नको होते, म्हणून आमच्याकडे आले आणि आमच्याकडेच राहिले. नाटक संपलेले असते, पारितोषिके वाटून झालेली असतात, पाहुण्यांचे लक्ष घड्याळाकडे व मुलांचे चिवड्याच्या पुड्यांकडे लागलेले असते. अशा वेळी आम्ही उठून मंडपवाल्यांचे, ध्वनिक्षेपकवाल्यांचे, शिपाईबंधूंचे आणि 'ज्यांची नावे अनवधानाने राहिली असतील त्या सर्वांचे' आभार मानतो. एके वर्षी तर ध्वनिक्षेपकवाल्याने, त्याचेच आभार मानले जात असताना, आपली तार गुंडाळावयास प्रारंभ केला होता.

एवढा दांडगा अनुभव गाठीशी असूनही व्यासपीठाबाहेर आम्ही कोणाचे आभार मानल्याचे आम्हांस स्मरत नाही. मराठी घरात तशी रीतच नाही. पाण्याचा पेला आणून देणाऱ्या मुलीला 'आभारी आहे' म्हटले, तर ती काळजीने आमच्या कपाळाला हात लावून पाहील. गुजराती शेजाऱ्यांकडेही शब्द हाच, आणि त्यांनीही तो सभासमारंभांसाठीच राखून ठेवलेला. सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला ही दुहेरी सवलत आहे. आम्ही तिचा तब्बल अठरा वर्षे गैरफायदा घेतला, त्याची ही हकीकत आहे. आणि तिचा आरंभ आमच्या मोटारीपासून होतो.

ही मोटार म्हणजे 'मारुती ८००'. ही जात १९८३ साली रस्त्यावर आली व २०१४ साली कारखान्याने तिचे उत्पादन थांबविले. आमच्या घरी ती आली २००६ च्या एप्रिलात, आणि आली तीही दुसऱ्याच्या हाताखालून. त्या वेळी आम्ही अडाजण भागात एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर राहत होतो. घरात खानदेशातून आलेल्या आमच्या मातोश्री, सौभाग्यवती आणि दोन वर्षांची कन्या. मोटार आली तेव्हा आईने तिला ओवाळले, चाकांखाली लिंबे ठेवली, आणि आम्ही ती मोठ्या दिमाखात जिन्याशेजारच्या कोपऱ्यात उभी केली.

तो कोपरा मात्र रिकामा नव्हता. तेथे वरच्या मजल्यावरील काकांची स्कूटर उभी राहत असे. काका यंत्रमागाच्या कारखान्यात फिटर होते. कामावरून रात्री उशिरा यावयाचे. त्यांनी एकदा सांगितले, दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा आवाज चढला. आम्हीही, मास्तर असल्यामुळे, जागेच्या मालकीवर त्यांना एक छोटेसे व्याख्यान दिले. त्यानंतर चार महिने दोन्ही घरांत बोलणे नव्हते. जिन्यात गाठ पडली की एकजण छताकडे पाही व दुसरा चपलांकडे.

२००६ च्या ऑगस्टमध्ये तापीला जो महापूर आला, त्याच्या कथा आमच्या विद्यार्थ्यांनी आईबापांकडून ऐकलेल्याच आहेत. उकाई धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. ७ तारखेला पाणी आमच्या उंबऱ्याशी आले तेव्हा आम्ही गहू पलंगावर चढवीत होतो. थोड्याच वेळात पलंगच डोलू लागला. धाकटीला सौ. नी कडेवर घेतले होते. दम्याने बेजार झालेली आई देवघरापाशी उभी होती, आणि तिला घेऊन जावयाचे कोठे, हे आम्हांस कळत नव्हते. वर जाण्याचा जिना चार पावलांवर होता. परंतु चार महिन्यांचा अबोला त्या चार पावलांत उभा होता, हे कबूल करावयास आज लाज वाटते.

तेवढ्यात काका पोटरीभर पाण्यातून आमच्या दारात आले. कोपऱ्याचा उल्लेख नाही की व्याख्यानाचा नाही. म्हणाले, "चालो, बाने उपर लई आवो." आणि आमच्या उत्तराची वाट न पाहता त्यांनी आईला पाठीवर घेतले.

तीन दिवस आम्ही वर होतो. त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही चौघे आणि ते तिघे. गच्चीवरच्या टाकीतील पाणी काकी पेल्याने मोजून देत. दिवसातून दोनदा खिचडी. धाकटीसाठी दुधाच्या भुकटीचे दूध. आकाशातून हेलिकॉप्टरे अन्नाची पाकिटे टाकीत, आणि खाली आमच्या मोटारीचे केवळ छप्पर दिसे, तेही पुढे दिसेनासे झाले. ९ तारखेला रक्षाबंधन होते. कतारगामच्या भावासाठी आणलेली राखी काकींच्या कपाटातच राहिली. त्या दिवशी त्या सज्जात उभ्या राहून बराच वेळ पाण्याकडे पाहत होत्या. खिचडी मात्र वेळेवर झाली.

पाणी ओसरल्यावर घराघरांत घोटाघोटाएवढा चिखल होता. आम्हांस प्रथम आठवली ती मोटार. किल्ली खिशात होती. आम्ही दार ओढून उघडले, चिखलावर बसलो आणि किल्ली लावणार, तोच वरून आरोळी आली. काका अनवाणी धावत आले व त्यांनी ती किल्ली आमच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतली. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात पाणी असताना इंजिन फिरविले तर आतला दांडा वाकतो आणि इंजिन निकामी होते, हे शास्त्र त्या फिटरने आम्हां पदवीधराला चिखलात उभे राहून शिकविले. पुढे मिस्त्रींनी प्लग काढून इंजिन हाताने फिरविले तेव्हा आतून पाण्याची चिळकांडी उडाली. आतले तेल ताकासारखे पांढरे झाले होते. ते दोनदा बदलावे लागले. त्या महिन्यात सुरतेतील गॅरेजांपुढे बुडालेल्या वाहनांच्या रांगा होत्या. त्यांतल्या कितींच्या मालकांना किल्ली हिसकावणारा शेजारी लाभला असेल, कोण जाणे.

ज्या कोपऱ्यावरून भांडण झाले त्या कोपऱ्यातील मोटार ज्यांची जागा गेली होती त्यांनीच वाचविली. आणि आम्ही काय केले? काही नाही. चिखल काढला, गाद्या टाकून दिल्या, शाळा उघडली. बोलणे सुरू झालेच होते. आता मुद्दाम निराळे काय बोलावयाचे, असे वाटले. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आम्ही मंडपवाल्यांचे आभार मात्र मोठ्या गहिवराने मानले.

पुढे काका निवृत्त झाले आणि मुलाकडे नवसारीला राहावयास गेले. पाच-सहा कोसांची वाट नव्हे, तरी नवसारी फार दूर नाही. पण 'एकदा जाऊन येऊ' या वाक्याला आयुष्यभर पुरेल एवढी ताकद असते. २०२३ साली आई गेली.

२०२४ च्या दिवाळीपूर्वी साफसफाई चालली होती. तो आठवडाच आमच्या घराला वक्री गेला. सोमवारी गच्चीवरची टाकी रात्रभर वाहिली व खालच्यांचे वाळवण भिजले. बुधवारी मोटारीची बॅटरी बसली. गुरुवारी कुकरची झडप उडाली आणि तुरीच्या डाळीने छतावर एक नकाशा काढला. आम्ही त्या झडपेवर चिडलो असता धाकटी म्हणाली, "बाबा, ती उडण्यासाठीच बसवलेली असते. ती उडाली नसती तर कुकर उडाला असता." धाकटी आता अभियांत्रिकीला आहे. तिने दाखविलेला तो वितळलेला शिशाच्या रंगाचा ठिपका आम्ही हातात घेऊन पाहिला. एवढासा जीव, आणि त्याच्या नावावर आम्ही त्या दिवशी काय काय शिव्या जमा केल्या होत्या!

छत पुसण्यासाठी सौ. माळ्यावरचे जुने कपडे काढावयास चढल्या आणि त्या गाठोड्यात आईची हिशेबाची वही सापडली. चोपडापूजनाच्या या गावात राहून आईलाही वहीचा नाद लागला होता; डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. २००६ च्या श्रावणाचे पान पाण्याचा डाग पडलेले नव्हते, कारण वही पुरानंतरची नवी होती. उजवीकडे लिहिले होते: गाद्या तीन. गहू एक गोणी. मोटार, मिस्त्रींस सहा हजार चारशे. आणि डावीकडे, जेथे आमचा पगार लिहावयाचा तेथे, पगाराच्या वर: "वरच्यांकडे खिचडी, तीन दिवस, माणसे चार. धाकटीला दूध. कोरडे लुगडे एक. मोटारीची किल्ली वेळेवर काढून घेतली. बोलणे सुरू झाले." त्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली तीन शब्द: "देणे बाकी आहे."

आम्ही ते पान सौ. ना दाखविले. त्या काही बोलल्या नाहीत. संक्रांतीला नवसारीला जावयाचे, असे त्या रात्री ठरले.

२०२५ च्या संक्रांतीला तिळगुळाचा डबा, वही आणि आम्ही तिघे असे निघालो. मोटारीला बहुधा कळले असावे, कारण सचिनजवळ येताच तिचा काटा तांबड्या रेघेकडे सरकला आणि पुढून वाफ निघू लागली. झाकण उघडले, रेडिएटरचा रबरी पाइप फाटला होता. सणाचा दिवस, दुकाने बंद, आकाश पतंगांनी भरलेले. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून नशिबाला बोल लावीत असता रात्रपाळी संपवून परतणारा एक कामगार सायकलवरून उतरला. ओडिशातल्या गंजम जिल्ह्याचा होता; त्या जिल्ह्यातील माणसांच्या हातांवर सुरतेचे कितीतरी यंत्रमाग चालतात. त्याने इंजिन निवेपर्यंत आम्हांस रेडिएटरला हात लावू दिला नाही. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी पाइपवर घट्ट ताणून गुंडाळली, तिच्यावरून पिशवीतल्या कापडाच्या चिंधीने आवळले, पाणी भरले आणि झाकण थोडे सैल ठेवावयास सांगितले, म्हणजे आत दाब चढणार नाही. आम्ही पाकीट काढले, तो हसून मागे सरला. धाकटीने तेवढ्यात डबा उघडून तिळगूळ त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो तोंडात टाकला व सायकलवर बसला. त्याचे नाव विचारावयाचे राहिले. बावीस वर्षे आभाराची भाषणे करणाऱ्याला त्या वेळी एक वाक्य सुचले नाही!

नवसारीत पोहोचलो तेव्हा दुपार टळली होती. काका थकले होते; कानांनी कमी ऐकू येत होते. काकींनी उंधियूचे ताट पुढे केले. आम्ही तिळगूळ दिला, इकडचे तिकडचे बोलणे झाले, आणि पाठ करून आणलेले भाषण काही केल्या ओठांवर येईना. अखेर सौ. नी वही उघडून आमच्या मांडीवर ठेवली. आम्ही ते पान वाचले, मराठीत, मोठ्याने, काकांच्या कानाशी वाकून. 'देणे बाकी आहे' या शब्दांपाशी आमचा आवाज बसला.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी वही हातात घेतली आणि आईच्या अक्षरांवरून बोट फिरविले. मराठी अक्षर ते वाचू शकतात की नाही, हे आम्हांस ठाऊक नव्हते. मग त्यांनी डोळे पुसले आणि स्वयंपाकघराकडे वळून पाहिले. काकी पदराला हात पुशीत दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "खांड पण आपेली, ए नथी लख्युं?"

खरेच, साखर लिहिलेली नव्हती. साखरेची बरणी आमच्या घरात पाण्याखाली गेली होती आणि आईला चहा गोडच लागे, हे आम्हां सर्वांना एकदमच आठवले. काका खळखळून हसू लागले. धाकटीने पेन दिले. आईच्या ओळीखाली, रेघेच्या वर उरलेल्या जागेत, आम्ही बारीक अक्षरांत लिहिले: "साखर." किती, असे विचारले तेव्हा काकी म्हणाल्या की मोजली नव्हती.

इतक्यात खालून कोणी हाका मारू लागले. आमची मोटार दुधाच्या टेम्पोच्या वाटेत उभी होती. काकांनी खिडकीतून डोकावून पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि हसू दाबीत किल्लीसाठी हात पुढे केला.