कुठे लावणार आहात?

कांद्याच्या पातीवर नुसतं पाणी ठरत नाही. पातीवर मेणाचा पातळ थर असतो, त्यावरून थेंब घरंगळतात. म्हणून फुलकिड्यांसाठी फवारणी करायची तर पंपात औषधासोबत स्टिकर पडतंच. हे उमराण्याच्या किंवा मेशीच्या शेतकऱ्याला मी सांगायला नको. मला सांगायचं असतं ते पुढचं: जे पातीवर चिकटतं ते दंडावरही चिकटतं. माझं देवळ्यात मेडिकल आहे, मी माणसांची औषधं देतो. पण आमच्या कसमादे पट्ट्यात दुकान मांडून बसलेल्या माणसाला शेतीच्या औषधांपासून लांब राहता येत नाही. कुणी खाज दाखवायला येतं, कुणी काळवंडलेली बोटं, आणि कुणाला दुपारपासून नुसतं मळमळत असतं.

कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा. जाडी मिलिमीटरच्या एक-दोन शतांश भागाएवढी, पण सगळी राखण त्याच्याकडे. विटांच्या भिंतीसारखी त्याची रचना आहे. पेशी म्हणजे विटा आणि मधला चुना स्निग्ध पदार्थांचा. बाहेरून येणाऱ्याला मुख्य वाट या चुन्यातूनच आहे, त्यामुळे पाण्यातच रमणाऱ्याला ती कठीण जाते. पण निव्वळ तेलाचाच असेल तोही वरच अडकून बसतो, खालच्या ओल्या थरांत उतरत नाही. ज्याचं तेलाशी जुळतं आणि पाण्याशीही थोडंफार पटतं, आणि जो आकाराने लहान आहे, तो रेणू आत जातो. बॉस आणि मायनार्डी या संशोधकांनी २००० साली मांडलेला ठोकताळा असा, की ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू धड कातडीतून सहसा जात नाही. निकोटीन १६२ डाल्टनचं आहे. त्याची पट्टी बनते, आणि तंबाखूची ओली पानं खुडणाऱ्या मजुरांना मळमळ-चक्कर येते, दोन्ही त्यामुळेच. इन्सुलिन जवळपास ५८०० डाल्टनचं, म्हणून मधुमेहाच्या रुग्णाला त्याचं मलम देता येत नाही. पॅराक्वाट हे तणनाशक तर लहानच आहे, पण त्यावर विद्युतभार आहे. पोटात गेलं तर जीव घेणारं हे विष निरोगी कातडीतून मात्र फार थोडं शिरतं. हातावर जखम किंवा भेग असली की हा हिशेब कोलमडतो, आणि कांदा लागवडीच्या थंडीत आमच्याकडे भेगा नसलेले हातपाय किती सापडतील?

मलमांच्या धंद्यात हीच रसायनविद्या माणसाच्या बाजूने वापरली जाते. बीटामेथासोन हे स्टेरॉइड मूळ रूपात कातडीवर फारसं काम करत नाही. त्याला व्हॅलरेटची जोड दिली, रेणूचा तेलाकडे ओढा वाढला आणि तेच औषध कितीतरी पटींनी जोरकस झालं. रेणू जड झाला तरी! मला हे अजूनही थक्क करतं. पण या जोरामुळेच ती ट्यूब गजकर्णावर, जांघेतल्या खाजेवर, गोरं दिसायला चेहऱ्यावरही मनानेच लावली जाऊ लागली. खाज थांबते, बुरशी पसरत राहते आणि कातडी पातळ होते. २०१८ साली सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन घातलं, ते फार आधी व्हायला हवं होतं. मी मात्र चिठ्ठी असली तरी विचारतोच, ‘मावशी, कुठे लावणार आहात?’

कारण कातडी सगळीकडे सारखी नसते. १९७१ साली हॉवर्ड मेबाख आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांच्या शरीरावर वेगवेगळ्या जागी पॅराथिऑन हे कीटकनाशक लावून किती शोषलं जातं ते मोजलं. हाताच्या पुढच्या भागातून सुमारे ९ टक्के, कपाळातून ३६, काखेतून ६४ आणि अंडकोशाच्या कातडीतून जवळजवळ सगळं. हे आकडे वाचले आणि पाठीवरचा गळका पंप माझ्या डोळ्यांपुढे आला. औषध पाठीवरून कमरेला, कमरेवरून नेमकं जांघेत उतरतं. वर घाम, ऊन आणि अंगाला चिकटलेली ओली पँट. मलमावर घट्ट पट्टी बांधली की शोषण वाढतं, तोच परिणाम इथे विषाला मिळतो. डाळिंबाच्या बागेत तर फवारा तोंडावरच येतो.

सगळ्यात धोक्याची वेळ फवारणीच्या आधीची. ई.सी. प्रकारच्या बाटलीत औषध घट्ट असतं, सोबत ते विरघळवणारं द्रावक आणि साबणासारखे पदार्थ, म्हणजे चुना सैल करणारी मंडळी. ते मापात ओतताना हातावर सांडलेले चार थेंब पंपातल्या पातळ द्रावणाच्या कितीतरी पट भारी. आपल्या कायद्याने कातडीची वाट वेगळी मोजली आहे. तोंडावाटे दर किलो वजनाला ५० मिलिग्रॅमपर्यंत किंवा कातडीवाटे २०० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेत निम्मे प्रयोगप्राणी मरत असतील तर डब्यावर लाल त्रिकोण येतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीत फवारताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. त्यांच्यापैकी कुणी विष प्यायलं नव्हतं.

‘हात धुतले ना भाऊ पाण्याने,’ असं मला सांगतात. तेलात विरघळणारं औषध पाण्याने निघत नाही, साबण लागतो, भरपूर आणि लगेच. रॉकेलने पुसू नये, खरखरीत दगडाने घासू नये. दोन्हींनी भिंतच उघडी पडते. शिवाय वरच्या थरात मुरलेलं औषध तिथून तासन्‌तास झिरपत राहतं. सकाळी फवारलेल्या माणसाला त्रास रात्रीही होऊ शकतो, तेव्हा दवाखान्यात जाताना बाटली सोबत न्यावी.

फवारणीचे कपडे घरात बहुधा बाईच धुते, उघड्या हातांनी, मुलांच्या कपड्यांसोबत. त्यांना मी वेगळी बादली सांगतो आणि नायट्राइलचे हातमोजे देतो. कापडी मोजे नकोत, ते भिजून औषध कातडीलाच धरून ठेवतात. डाळिंबाचा बहार धरला की हे मोजे मागायला हल्ली पुरुषांआधी बायका येतात.