कोरी जागा

गेल्या जून महिन्यात आमच्या महाविद्यालयात प्रवेशांविषयी बैठक झाली. बुलढाणा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावचे महाविद्यालय. बैठकीतून नवे काही निघेल अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. पण या खेपेस प्रत्येक विभागाने समाजमाध्यमांवर आपापले 'डिजिटल मार्केटिंग' करावे, असे ठरले. मराठी विभागाला हे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. मराठी वाङ्मय घेणारी मुले घटली की कार्यभार घटतो, आणि कार्यभार घटला की माणूस 'अतिरिक्त' ठरतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला खरा. हजेरीपटाला त्याची वार्ता नाही.

मी जाहिरात लिहिली. तीत ज्ञानेश्वरी होती, समृद्ध परंपरा होती, उज्ज्वल भवितव्यही होते. चार जणांनी अंगठा उंचावून पसंती कळवली. त्यांतला एक अंगठा माझाच होता.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी माझा अकरावीतला मुलगा मोबाइलवर 'बॅटलग्राउंड्स'चा खेळ उघडून बसला होता. लढाई काही सुरू होईना. अर्धा तास तो नुसता आपल्या पात्राला कपडे चढवीत आणि उतरवीत होता: जाकीट, टोपी, चेहऱ्यावरचा मुखवटा, बंदुकीवरची नक्षी. "या जाकिटाने नेम सुधारतो का रे?" मी विचारले. "नाही हो पप्पा." "मग काहून?" त्याला प्रश्नच कळला नाही. अखेर मनाजोगता वेष जमला तेव्हा त्याने त्याचे चित्र मित्रांना धाडले, आणि लगोलग तिकडून प्रत्येकाने आपापल्या पात्राचे चित्र पाठवले. कोणी सांगितले नव्हते, कोणाला पैसे मिळत नव्हते. खेळाची जाहिरात मात्र झाली होती, आणि ती माझ्या जाहिरातीहून चांगली झाली होती.

नंतर शोध घेतला तेव्हा ही युक्ती जुनी असल्याचे ध्यानात आले. २००८ साली विल राइट यांचा 'स्पोअर' हा खेळ सप्टेंबरात यायचा होता. कंपनीने त्यातले प्राणी घडवण्याचे साधन तेवढे जूनमध्येच लोकांच्या हाती दिले. खेळ येण्यापूर्वीच लोकांनी लाखो प्राणी घडवून एकमेकांना दाखवले. २०२०च्या एप्रिलात, टाळेबंदीत दारे बंद असताना, लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने आपल्या संग्रहातली चित्रे 'ॲनिमल क्रॉसिंग' या खेळातल्या घराच्या भिंतीवर लावता येतील किंवा पात्राच्या अंगावर घालता येतील, अशी सोय करून दिली. 'या आणि पाहा' असे म्हणायचे सोडून संग्रहालय 'घ्या आणि लावा' म्हणू लागले.

मराठीच्या अध्यापकाला येथे एकनाथांची भारुडे आठवणे क्रमप्राप्तच. वासुदेव, जोशी, गोंधळी: वेष बदलत जातात, सांगणे एकच. वर्गात मी ही तुलना उत्साहाने मांडलीही. पण ती पुरती जुळत नाही. भारुडात वेष कवी घेतो. श्रोता आपल्याच कपड्यांत राहतो. जवळचे उदाहरण जात्यावरच्या ओवीचे आहे. घडण ठरलेली, चाल ठरलेली, आणि त्या घडणीत दळणारी बाई आपल्या भावाचे नाव, आपल्या माहेरचे गाव, आपले दुःख बसवते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गोळा केलेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर गेली, ती एवढ्या बायकांना त्या चौकटीत आपली जागा सापडली म्हणूनच. उखाण्याचेही तेच. (उखाणा हे विवाहसंस्थेचे मार्केटिंग आहे, असे एक सहकारी म्हणतात. असो.)

अर्थात फरक विसरून चालणार नाही. ओवीतली जागा फुकट होती. मोबाइलवरच्या खेळात बरे जाकीट पैसे मोजून घ्यावे लागते, आणि कित्येकदा पैसे मोजूनही ते हाती येईलच असे नाही. पेटी उघडायची आणि नशीब पाहायचे. शिवाय निवडीचे स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याने मांडून ठेवलेल्या चाळीस टोप्यांपैकी एक उचलणे. या कारखान्याचे अनुकरण करताना मला संकोच वाटला नाही, असे म्हणणे खोटेपणाचे होईल.

तरीही केले. ज्ञानेश्वरी आणि परंपरा काढून घेतल्या. एक साधे चित्र तयार केले: वर 'माझ्या घरचा एक शब्द' एवढीच ओळ, खाली शब्दासाठी आणि अर्थासाठी कोरी जागा. पाठीमागचे चित्र ज्याने त्याने निवडायचे: लोणारचे सरोवर, सिंदखेडराजाचा वाडा, खामगावच्या चांदीची झळाळी, काळी जमीन. शेवटचा पर्याय स्वतः काढलेल्या छायाचित्राचा. चाळीस टोप्यांची सल मनात होती, म्हणून. विभागाचे नाव कोपऱ्यात, बारीक अक्षरांत.

पहिले दोन दिवस शुकशुकाट. तिसऱ्या दिवशी 'पऱ्हाटी' आला, मग 'डवरणी', 'फरदड'. एका मुलीने 'सीतादही' लिहून पाठवले आणि पाठीमागे स्वतःच्या शेतातली दहीभाताची पाने लावली: कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा. शब्दाचा अर्थ तिने आजीला विचारून लिहिला होता, आणि तो कोशातल्यासारखा नव्हता. त्यात आजीच्या शेताची दिशा, त्या वर्षीचा पाऊस आणि आजोबांचे भांडण असे सगळे होते. जागा अपुरी पडली म्हणून तिने दुसरे चित्र जोडले. 'उलंगवाडी' या शब्दावर तर दोन गावांत वाद झाला. शेवटची वेचणी म्हणजे उलंगवाडी की पऱ्हाट्या उपटल्यावर? मराठीच्या एखाद्या शब्दासाठी विद्यार्थी भांडताना मी बऱ्याच वर्षांनी पाहत होतो.

प्रवेशांचे म्हणाल तर यंदा थोडे वाढले. ते या चित्रांमुळे की फार्मसीची यादी लवकर भरल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही. सीतादहीवाली मुलगी नर्सिंगला गेली.

ऑगस्टमध्ये एका रात्री मुलाने मोबाइल माझ्यापुढे धरला. त्याने पाठीमागचे चित्र बरेचदा बदलून शेवटी काळी जमीन ठेवली होती. शब्द त्याच्या आजोबांचा होता, वखराचा. आणि अर्थाच्या जागी त्याने लिहिले होते, 'आबा बैलांच्या मागे चालायचे ते.' 'ते'वर अनुस्वार की एकार, असा काही घोळ त्याने करून ठेवला होता. मी तो दुरुस्त केला नाही. त्याने ते मित्रांना पाठवले आणि उत्तरांची वाट पाहत बसला.