माशांचे बियाणे

ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथे हौसेने घरात मासे पाळणे शोभते का, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच म्हणावा लागेल. मी त्याच लातूरचा. तरीही माझ्या ओसरीवर एक काचेची पेटी आहे आणि तीत नांदेडहून आणलेले ‘किलिफिश’ जातीचे तीन मासे आहेत.

या जातीचे आफ्रिकेतले काही भाऊबंद मोठे नवलाचे. मोझांबिक, झिम्बाब्वेकडील पावसाळी डबक्यांत ते जन्मतात, काही आठवड्यांतच वयात येतात आणि चिखलात अंडी घालतात. डबके आटले की मासे मरतात; अंडी मात्र कोरड्या मातीत महिनोन् महिने निजून राहतात व पुढच्या पावसात फुटतात. कणगीत राखलेले बीच म्हणा ना!

आपल्या देशी किलिफिशला ही सोय नाही. बोटभर लांबी, अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या रांगा, डोक्यावर चमकती टिकली. दुकानात याचाच पिवळा प्रकार ‘गोल्डन वंडर’ नावाने मिळतो. पाणी आटले की हा अंड्यांसकट संपतो. त्याचे बियाणे पाण्यातच राखावे लागते.

राखायचे कसे? वीस-पंचवीस लिटर पाणी, एक नर, दोन माद्या पुरेत. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच घालावे. पेटीला झाकण हवेच, कारण हा मासा उडी मारण्यात पटाईत. पाण्यात लोकरीचा झुबका सोडा. माद्या रोज थोडी थोडी अंडी त्याला चिकटवतात. झुबका वेगळ्या भांड्यात ठेवला की सुमारे दोन आठवड्यांत पिले निघतात. एकत्र ठेवाल तर आईबापच ती गट्ट करतील!

आता पाण्याचा हिशेब. आठवड्याला मी एक कळशी पाणी बदलतो. काढलेले पाणी कढीपत्त्याला आणि वांग्यांना जाते, त्यात माशांचे खतही आलेच. शिवाय नळाला रोज पाणी नाही म्हणून आपण हौद भरून ठेवतो, आणि डेंग्यूचा डास नेमका अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पिले वाढली की त्यांतली काही मी वापरायच्या पाण्याच्या हौदात सोडतो. डासांच्या अळ्या हे त्यांचे आवडते खाणे. पिण्याचे पाणी मात्र झाकूनच ठेवावे.

एक पथ्य पाळा. दुकानातला मासा ओढ्यात, नदीत किंवा तळ्यात कधी सोडू नका. डास मारण्यासाठी १९२८ साली भारतात आणलेला परदेशी ‘गंबुसिया’ पुढे देशी माशांच्याच मुळावर उठला.

तेव्हा पाणी थोडे आहे म्हणून हौस सोडू नका. फक्त कळशीचा हिशेब ठेवा. उन्हाळाभर चार मासे जगवले, तर पावसाळ्यात शेजाऱ्यालाही बियाणे देता येईल.