अंधारातला जोड

३ डिसेंबर १९७१ला युद्ध पेटलं, तेव्हा मी कल्याण-कसारा पट्ट्यात रेल्वेमार्गाचा शिकाऊ निरीक्षक होतो. ब्लॅकआउट लागला. स्टेशनांच्या काचांवर काळा कागद आला, हातबत्तीच्या काचेला बारीक फट सोडून बाकी काळा रंग फासला. यार्डातल्या वाफेच्या इंजिनांवर ताडपत्री ओढली, कारण भट्टीचं दार उघडलं की लाल झोत थेट आभाळात. एकाच गोष्टीवर इलाज नव्हता. विजेची गाडी धावताना वरच्या तारेशी निळी ठिणगी उडायची. तिला कोण काळा कागद लावणार?

बॉम्ब पडला तर काय, याची तालीम चाले. खड्डा माती-खडीनं भरायचा, जुन्या स्लीपरांची चवड रचून त्यावर रूळ तोलायचे, गाडी चालत्या माणसाच्या वेगानं काढायची. कुणी हसण्यावारी नेत नव्हतं. १९६५च्या युद्धात राजस्थानात गडरा रोडजवळ विमानहल्ल्यात सतरा रेल्वे कर्मचारी गेले होते. आमच्यासारखेच, रुळांवर राबणारे.

आमच्याकडे बॉम्ब पडला नाही. रूळ मोडला तो थंडीनं. गारठ्यात पोलाद आकसतं, आणि आत जुनी चीर असेल तर पहाटे तडकतं. आसनगाव-आटगावच्या मध्ये रुळांवर गस्त घालणाऱ्या पेट्रोलमनला तशी फट सापडली. त्यानं पळत जाऊन रुळावर इशाऱ्याचे फटाके बांधले. ते वाजले आणि लष्कराचं सामान नेणारी मालगाडी फटीच्या अलीकडेच थांबली.

मी बत्ती पुढं केली, तर मुकादम खेकसले. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो.

"ऱ्हाऊ द्या साहेब. डोळं दिपलं की मग कायच दिसत न्हाई. हात द्या इकडं."

त्यांनी माझं बोट फटीत घातलं. नख जेमतेम मावलं. पुढचं सगळं काम बोटांनीच झालं. फटीखाली लाकडी ठोकळा ठोकला, दोन्ही अंगांना फिशप्लेटी, वरून क्लॅम्प. पाना हातातून निसटला की खडीत चाचपत शोधायचा. थंडीतही सदरा भिजला होता.

गाडी रांगत आली. तात्या उकिडवे बसून एका स्लीपरवर तळवा टेकून होते, तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकावा तसा. इंजिन शेजारून गेलं आणि तारेशी ठिणगी उडाली. त्या निळ्या उजेडात आमचा जोड मला पहिल्यांदा दिसला. एक क्लॅम्प उलट्या बाजूनं कसलेला होता.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो मी बसवला होता.